कृष्णधवल फिल्मवर गती आणि डेप्थ शिकण्यासाठी पहिले दोन रोल

मॅन्युअल कॅमेरा मिळाला, दुकानदाराने सुचवला म्हणून ४०० आयएसओचा रोल भरला (आयएसओचा आकडा जितका मोठा, तितका फिल्मला प्रकाश कमी लागतो) आणि रविवारी सकाळी अकराच्या उन्हात शहरभर फिरून छत्तीस फोटो काढले. रोल धुवून आल्यावर दिसतं की सगळे फोटो एकाच जातीचे आहेत. कोणाच्याही मागचं दृश्य धूसर झालेलं नाही आणि चालणारा माणूस चालताना वाटत नाही. अशा वेळी नवखा माणूस लेन्सला दोष देतो आणि महागडी लेन्स शोधायला लागतो. लेन्स बहुतेक वेळा ठीक असते. खरी अडचण त्या उन्हात आणि त्या ४०० च्या रोलमध्ये आहे.

हिशोब करून बघा. भर उन्हात ४०० च्या फिल्मला साधारण एफ/१६ (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं भोक; आकडा जितका मोठा तितकं भोक लहान) आणि १/५०० (शटर उघडं राहण्याचा वेळ, सेकंदात) लागतं. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांचं शटर १/१००० ला संपतं, म्हणजे अ‍ॅपर्चर उघडून उघडून तुम्ही एफ/११ पर्यंतच जाल. उलट दिशेला एफ/२२ आणि १/२५० वर लेन्स संपते. हातात उरल्या तीन जागा. त्या तिन्हींत चालणारा माणूस जवळपास थांबलेलाच दिसतो आणि जवळचं-लांबचं बहुतेक सगळं स्पष्ट येतं. कॅमेऱ्यावर कितीही आकडे असले तरी त्या उन्हात निवड करायला वावच नव्हता.

म्हणून हा लेख कॅमेऱ्यापेक्षा प्रकाशाबद्दल जास्त आहे. शटर आणि अ‍ॅपर्चर दोघंही एकाच प्रकाशातून आपला वाटा घेतात. कुठल्या प्रकाशात उभं राहायचं हे आधी ठरवलं की गती आणि डेप्थ (फोकसच्या पुढे-मागे किती अंतर स्पष्ट येतं ते) दोन रोलमध्ये नीट समजतात.

## १. सामान

फार काही लागत नाही, पण यातलं काही गाळूही नका.

- शटर स्पीड आणि अ‍ॅपर्चर दोन्ही हाताने बदलता येतील असा ३५ एमएम एसएलआर, म्हणजे आरशाच्या मदतीने लेन्समधूनच दृश्य दाखवणारा कॅमेरा. पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम२ किंवा त्याच घराण्यातला कुठलाही.
- ५० एमएमची एफ/२ किंवा एफ/१.८ लेन्स. झूम लेन्स सध्या बाजूला ठेवा.
- १२५ किंवा १०० आयएसओचे दोन कृष्णधवल रोल. इलफर्ड एफपी४ प्लस १२५ चा आहे. केंटमिअर १०० आणि फोमापॅन १०० त्याहून स्वस्त पडतात. दोन्ही रोल एकाच जातीचे घ्या.
- ट्रायपॉड आणि केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची तार).
- लाल फिल्टर, लेन्सच्या मापाचा. पेंटॅक्सच्या बऱ्याच ५० एमएम लेन्सना ४९ एमएमचा आटा असतो, निकॉनच्या बऱ्याच ५० एमएमना ५२ चा.
- मोजपट्टी, खडू, खिशात मावणारी वही आणि पेन्सिल.

वही सगळ्यात महत्त्वाची. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर आकडे साठवून ठेवतो, फिल्म काहीच सांगत नाही. कितवी फ्रेम, कुठलं अ‍ॅपर्चर, कुठला स्पीड, फोकसचं अंतर आणि प्रकाश कसा होता, एवढ्या पाच गोष्टी दर क्लिकनंतर लिहा. घरी जाऊन आठवून लिहिलेले आकडे कामाचे नसतात.

## २. कॅमेरा तपासून घ्या

मुंबईत चोर बाजारात किंवा फोर्टमधल्या बोरा बाजार भागात जुना कॅमेरा शोधत असाल, किंवा आजोबांच्या कपाटातला बाहेर काढला असेल, तर रोल घालण्याआधी मागचं झाकण उघडून, लेन्स उजेडाकडे धरून प्रत्येक स्पीडला शटर दाबा. जुन्या कॅमेऱ्यांत आतलं तेल घट्ट होतं आणि सगळ्यात आधी मंद स्पीड बिघडतात: १ सेकंद, १/२, १/४. गतीचा अभ्यास नेमका याच स्पीडवर करायचा आहे, त्यामुळे "१/१२५ चालतोय ना, मग झालं" असं म्हणून घेऊ नका. फोनवर शटरचा आवाज रेकॉर्ड केला तर उघडण्या-मिटण्यातलं अंतर मोजता येतं. १ सेकंदाचा दीड सेकंद झाला असेल तर ते कळेल.

लेन्सच्या पात्यांवर तेल नको. मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा फोम चिकट झाला असेल तर तो बदलून घ्या, नाहीतर फ्रेमच्या कडेने उजेड शिरतो. काही जुन्या कॅमेऱ्यांचे प्रकाश मोजणारे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेले होते. त्यांत आजचा १.५ व्होल्टचा सेल घातला की मीटर चुकीचं सांगू शकतं. के१००० ला ही अडचण नाही, तो एलआर४४ सारख्या सेलवर चालतो आणि सेल संपला तरी शटर चालूच राहतं. फक्त त्याच्या मीटरला बंद करायचं बटण नाही, म्हणून काम झालं की लेन्सवर झाकण लावा.

रोल भरल्यावर लीव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची गुंडी फिरते का ते बघा. ती फिरत नसेल तर फिल्म उजवीकडच्या रिळात नीट अडकलेली नाही, आणि तुम्ही छत्तीस वेळा रिकामाच कॅमेरा दाबाल.

## ३. सावली शोधा

१२५ ची फिल्म आणि मोकळी सावली, हा आपला वर्ग. मोकळी सावली म्हणजे इमारतीच्या किंवा भिंतीच्या सावलीतली अशी जागा जिथे वर आकाश दिसतं पण ऊन अंगावर येत नाही. झाडाखाली ऊन-सावलीचे ठिपके पडतात, ती जागा या कामाला नको. पुण्यात प्रभात रोडच्या आतल्या गल्ल्या किंवा मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीतले रस्ते सकाळच्या वेळी चांगले, फक्त इमारतीच्या सावलीचा पट्टा निवडा.

अशा सावलीत प्रकाश उन्हापेक्षा साधारण तीन स्टॉप कमी असतो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). १२५ च्या फिल्मला तिथे एफ/५.६ आणि १/१२५ च्या आसपास रीडिंग मिळतं. आता तेवढ्याच प्रकाशाच्या सगळ्या जोड्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढा:

- एफ/२ – १/१०००
- एफ/२.८ – १/५००
- एफ/४ – १/२५०
- एफ/५.६ – १/१२५
- एफ/८ – १/६०
- एफ/११ – १/३०
- एफ/१६ – १/१५
- एफ/२२ – १/८

ही आठ पायऱ्यांची शिडी आहे. कुठल्याही पायरीवर उभे राहा, निगेटिव्हचा काळेपणा सारखाच येईल. पण वरच्या टोकाला पळणारं मूल हवेत थांबतं आणि डेप्थ काही सेंटीमीटर उरते. खालच्या टोकाला गल्ली शेवटपर्यंत स्पष्ट येते आणि चालणारे पाय विरघळतात. उन्हात तीन जागा होत्या, इथे आठ आहेत, आणि दोन्ही टोकं वापरण्याजोगी आहेत.

ही शिडी एक मर्यादाही दाखवते. सावलीत उथळ डेप्थ मिळते ती गोठलेल्या गतीबरोबरच, आणि भरपूर डेप्थ मिळते ती हललेल्या गतीबरोबरच. उरलेल्या दोन जोड्यांसाठी प्रकाशच बदलावा लागतो. भरपूर डेप्थ आणि गोठलेली गती हवी असेल तर उन्हात जा: १२५ च्या फिल्मला तिथे एफ/८ – १/५०० मिळतं. उथळ डेप्थ आणि हललेली गती हवी असेल तर संध्याकाळ उतरेपर्यंत थांबा, जेव्हा एफ/२ ला मीटर १/१५ सांगेल. मनात जो फोटो आहे तो या चारांपैकी कुठल्या प्रकारचा आहे हे आधी ठरवा, मग घड्याळ बघा. ऊन, सावली आणि तिन्हीसांज यांत चारही येतात.

एक सापळा इथेच सांगून ठेवतो. मीटरचं रीडिंग सावलीतल्या डांबरी रस्त्यावरून किंवा राखाडी भिंतीवरून एकदाच घ्या आणि मग सुईकडे बघू नका. पांढरा सदरा घातलेला माणूस फ्रेममध्ये आला की सुई उडी मारते. तिच्या मागे लागलात तर जोडीतले दोन फोटो वेगळ्या एक्सपोजरचे होतात आणि तुलनेला अर्थ उरत नाही. प्रकाश खरोखरच बदलला, ढग आला, तरच नवं रीडिंग घ्या.

## ४. पहिला रोल: डेप्थ

डेप्थ तीन गोष्टींनी बदलते: अ‍ॅपर्चर, फोकसचं अंतर आणि लेन्स. लेन्स आपण ५० एमएमवर पक्की केली आहे, म्हणजे दोनच उरल्या.

सावलीतली एक लांब भिंत किंवा रेलिंग निवडा. ट्रायपॉड लावा. मित्राला बरोबर २ मीटरवर उभं करा, मोजपट्टीने मोजून. फोकस डोळ्यांवर. मग कॅमेरा न हलवता तीन फोटो: एफ/२, एफ/५.६ आणि एफ/१६, प्रत्येक वेळी शिडीतला जोडीदार स्पीड लावून. साधारण असं मिळेल: एफ/२ ला १.९ ते २.१ मीटर, म्हणजे जेमतेम वीस सेंटीमीटर स्पष्ट. एफ/५.६ ला १.७५ ते २.३. एफ/१६ ला १.४५ पासून ३.२ मीटरपर्यंत. स्पष्टतेचा पट्टा फोकसच्या पुढे कमी आणि मागे जास्त पसरतो, हेही या आकड्यांत दिसतंय.

आता एफ/२ वरच राहा आणि अंतर बदला. १ मीटरवर स्पष्टतेची जाडी पाच सेंटीमीटरच्या आत येते: डोळा स्पष्ट, कान गेला. ५ मीटरवर तीच सव्वा मीटर होते. अंतर पाचपट झालं तर डेप्थ जवळपास पंचवीसपट झाली. नवीन लोक अ‍ॅपर्चरची रिंग फिरवत बसतात, पण दोन पावलं पुढे जाण्याचा परिणाम कितीतरी मोठा असतो.

तिसरा प्रयोग: मित्र २ मीटरवर, एफ/२, पण एकदा भिंत त्याच्या लगेच मागे आणि एकदा मागे वीस मीटर मोकळी गल्ली. लेन्स तीच, आकडे तेच. पार्श्वभूमी किती विरघळते हे तिच्या अंतरावरही अवलंबून असतं.

कृष्णधवल फिल्मवर हा भाग जास्त महत्त्वाचा का, तेही सांगतो. रंगीत फोटोत लाल साडी हिरव्या झाडीपासून आपोआप वेगळी दिसते. कृष्णधवलमध्ये तो लाल आणि तो हिरवा अगदी सारख्या राखाडी छटेत येऊ शकतात आणि साडी झाडीत मिसळून जाते. तिथे वेगळेपणा आणायला तुमच्याकडे दोनच साधनं आहेत: छटेतला फरक आणि फोकसमधला फरक. म्हणून पार्श्वभूमी निवडताना डोळे बारीक करून फक्त उजेड-अंधार बघायची सवय लावा. जुन्या वाड्याच्या दरवाजात माणूस उभा असेल, तोंडावर बाहेरचा उजेड असेल आणि मागे आतला अंधार असेल, तर एफ/८ लाही चेहरा उठून येतो. धूसर करायची गरजच पडत नाही. उलट पानांमधून झिरपणाऱ्या उजेडाचे ठिपके एफ/२ ला मोठी पांढरी वर्तुळं होतात आणि रंगाचा आधार नसल्याने नजर चेहऱ्याऐवजी त्यांच्याकडेच जाते.

व्ह्यूफाइंडरवर या बाबतीत भरवसा ठेवू नका. एसएलआर नेहमी पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरने दाखवतो, तुम्ही एफ/१६ लावलं असलं तरी. एफएम२ ला डेप्थ बघायची लीव्हर आहे. ती दाबली की दृश्य काळोखं होतं, पण खरी डेप्थ दिसते. के१००० ला ती नाही. त्याच्यासाठी लेन्सवरच्या अंतराच्या रिंगखाली दोन्ही बाजूंना कोरलेले अ‍ॅपर्चरचे आकडे वाचायला शिका: एफ/११ च्या दोन रेघांमध्ये जी अंतरं येतात ती स्पष्ट. हे आकडे लहान प्रिंट गृहीत धरून काढलेले असतात. मोठी प्रिंट करायची असेल तर एफ/११ वापरताना एफ/८ च्या रेघा बघा.

उरलेल्या फ्रेम मोकळेपणाने काढा, फक्त एक अट पाळा: प्रत्येक विषयाचे दोन फोटो, एक एफ/२ आणि एक एफ/१६. एफ/१६ ला सावलीत १/१५ येतो, म्हणून ट्रायपॉड हवाच. हातात धरून काढलात तर हात हलल्याचा धूसरपणा डेप्थच्या धड्यात मिसळेल. ५० एमएम लेन्सला १/६० च्या खाली हातावर विसंबू नये.

## ५. दुसरा रोल: गती

### गोठवणं

"१/१२५ ला चालणारा माणूस गोठतो" असं सगळीकडे सांगतात. ते अर्धवट खरं आहे. ताशी ५ किलोमीटरने चालणारा माणूस सेकंदाला १.४ मीटर जातो. तो तुमच्यापासून ५ मीटरवर आडवा जात असेल तर ५० एमएमच्या लेन्सने त्याची प्रतिमा फिल्मवर सेकंदाला सुमारे १४ मिलिमीटर सरकते. १/१२५ मध्ये ती ०.११ मिलिमीटर सरकेल. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटमध्ये चालून जाईल, मोठ्या प्रिंटमध्ये नाही. खरं स्पष्ट हवं असेल तर १/५०० लावा. पाऊल पुढे टाकताना पाय धडापेक्षा बराच वेगात असतो, म्हणूनच १/१२५ ला चेहरा ठीक आणि चप्पल हललेली असे फोटो येतात.

या हिशोबातून तीन गोष्टी निघतात. अंतर दुप्पट केलं की फिल्मवरचा वेग निम्मा होतो. सायकल ५ मीटरवरून १/१००० लाही काठावर असते, १० मीटरवरून आरामात. समोरून तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला आडव्या जाणाऱ्यापेक्षा बराच मंद स्पीड पुरतो. आणि प्रत्येक हालचालीत थांबण्याचा एक क्षण असतो: झोका टोकाला गेलेला, दोरीवरची मुलगी उडीच्या सर्वोच्च बिंदूला. तो क्षण पकडलात तर १/१२५ ही पुरतो.

### हलू देणं

किती हललं म्हणजे चांगलं, याचं माप माणसाच्या रुंदीत घ्या. ५ मीटरवरच्या माणसाची रुंदी फिल्मवर साडेचार मिलिमीटरच्या आसपास भरते. १/१५ मध्ये तो जेमतेम एक मिलिमीटर सरकतो: माणूस ओळखू येतो, चाल जाणवते. १/४ मध्ये साडेतीन मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका: आकार उरतो, ओळख जाते. पूर्ण सेकंदात तो तीन रुंदी ओलांडतो आणि रस्त्यावर फक्त एक पुसट डाग राहतो. या तिन्हींतलं काय हवंय ते आधी ठरवा. सावलीत १/८ पर्यंतच जाता येतं; १/४ साठी थोडा कमी उजेड शोधा.

इथे कृष्णधवल फिल्मचा एक नियम ध्यानात ठेवला की पुष्कळ फ्रेम वाचतात. फिल्मवर उजेड साठत जातो, अंधार साठत नाही. काळ्या पार्श्वभूमीवरून जाणारं पांढरं धोतर ठळक फराटा सोडतं. पांढऱ्या भिंतीसमोरून जाणारा काळा कोट मात्र भिंतीच्या उजेडात खाल्ला जातो. तो हलेल तेवढा नाहीसा होईल. म्हणून गती दाखवायची असेल तर उजळ विषय आणि गडद पार्श्वभूमी शोधा. गर्दी नाहीशी करून वास्तू रिकामी दाखवायची असेल तर उलटं करा.

हललेला फोटो उठतो तो त्यात काहीतरी अगदी स्थिर असल्यामुळे. महात्मा फुले मंडईत ट्रायपॉड लावा, समोर गाळ्यावर बसलेल्या बाई निवडा, "मावशी, दोन मिनिटं इथे उभं राहू का? फोटो काढतोय, तुम्ही फक्त जरा स्थिर बसा," एवढं विचारा, आणि १/४ किंवा १/२ ला गिऱ्हाईकांची रांग त्यांच्यासमोरून वाहू द्या. रशियन छायाचित्रकार अलेक्सी तितारेन्को यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सेंट पीटर्सबर्गमध्ये मेट्रो स्थानकाच्या पायऱ्यांवरची गर्दी अशाच लांब एक्सपोजरने टिपली. माणसं धुक्यासारखी झाली आहेत, पण कठड्याला धरलेले हात कुठे कुठे स्पष्ट आहेत, आणि त्या हातांमुळेच ते फोटो माणसांचे राहतात. ते जरूर बघा.

ट्रायपॉड लावण्याआधी परवानगीची चौकशी करा, विशेषतः रेल्वे स्थानकं, स्मारकं आणि मंदिरांच्या आवारात.

### पॅनिंग

विषयाबरोबर कॅमेरा फिरवायचा, म्हणजे विषय स्पष्ट आणि मागचं आडव्या फराट्यांत. शिडीतली एफ/११ – १/३० ही पायरी यासाठीच आहे असं समजा.

सायकल जिथे पकडायची तिथे रस्त्याच्या कडेला खडूने खूण करा आणि आधीच त्या खुणेवर फोकस लावून ठेवा. पाय खुणेच्या दिशेला रोवा, सायकल लांब असताना कमरेतून वळून तिला व्ह्यूफाइंडरमध्ये घ्या आणि तिच्याबरोबर फिरत या. खुणेवर आली की शटर हळू दाबा आणि दाबल्यावरही फिरत राहा. क्लिकच्या क्षणी थांबणं ही सगळ्यांची सवय असते आणि तिथेच फोटो जातो. एसएलआरचा आरसा त्या क्षणी वर जातो आणि तुम्हाला काहीच दिसत नाही, म्हणून शरीर न बघता फिरायला शिकलं पाहिजे. रोल भरण्याआधी रिकाम्या कॅमेऱ्याने भरपूर सराव करा, त्याला पैसे पडत नाहीत.

मागे उभ्या गडद-उजळ रेषा हव्यात: झाडांचे बुंधे, कुंपणाचे गज, दुकानांचे खांब. सपाट भिंतीसमोर पॅनिंग केलं तर फराटे येणार कुठून? आणि फोकसची फार चिंता नको. एफ/११ ला ५ मीटरवर फोकस असेल तर ३ ते १४ मीटरपर्यंत सगळं स्पष्टतेत बसतं. पार्श्वभूमी खरं तर फोकसमध्येच असते, तिला धूसर करतो तो तुमचा वळणारा खांदा.

हात बसला की आषाढात वारीतलं रिंगण बघायला जा. पावसाळी ढगाळ उजेडात १२५ च्या फिल्मला साधारण एफ/८ – १/१२५ मिळतं, म्हणजे एफ/१६ – १/३० पॅनिंगला आणि एफ/२.८ – १/१००० घोडा हवेत थांबवायला. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला एडवर्ड मायब्रिज यांनी कॅमेऱ्यांची रांग लावून धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात हे दाखवलं. १/१००० ला तो क्षण आता तुमच्या एका कॅमेऱ्यात येतो. रिंगणाच्या दोरीच्या आत मात्र जाऊ नका. घोडा गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावायला लोक धावतात, तेव्हा कॅमेरा छातीशी धरून बाजूला व्हा.

## ६. दोन्ही एकत्र

रस्त्यावर फिरताना प्रत्येक वेळी फोकस करायला वेळ मिळत नाही. उन्हात एफ/८ – १/५०० लावा, फोकस ५ मीटरवर ठेवा आणि रिंगला हात लावू नका: साडेतीन ते साडेनऊ मीटरमधलं सगळं स्पष्ट आणि चालणारेही थांबलेले. उन्हाचा खरा उपयोग हा आहे. एफ/१६ ला फोकस सव्वापाच मीटरवर ठेवलात तर अडीच मीटरच्या थोडं पुढून थेट क्षितिजापर्यंत सगळं येतं.

१९३२ हे साल या दृष्टीने मला फार आवडतं. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को परिसरात अँसल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी गट काढला आणि मोठ्या कॅमेऱ्याच्या अगदी बारीक अ‍ॅपर्चरवरून त्याचं नाव एफ/६४ ठेवलं: पायापासून डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट. त्याच वर्षी पॅरिसमध्ये सां-लाझार स्थानकामागे आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी डबक्यावरून उडी मारणारा माणूस टिपला. तो माणूस थोडा हललेला आहे, आणि हलला आहे म्हणूनच तो पाण्यात पडणार असं वाटतं. दोन्ही कृष्णधवल, पण मार्ग वेगळे. दोन्ही समोर ठेवून तुमचा कल कुठे आहे ते बघा.

## ७. लांब एक्सपोजर

मंद स्पीड दिवसा हवा असेल तर लाल फिल्टर कामी येतो. तो सुमारे तीन स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे उन्हात एफ/२२ – १/६० चं १/८ होतं. आकाश गडद होतं आणि झाडीही काळवंडते, हे लक्षात असू द्या. रीडिंग फिल्टर काढून घ्या आणि तीन स्टॉप स्वतः वाढवा. लाल काचेतून जुन्या मीटरचा अंदाज चुकतो.

एका सेकंदाच्या पुढे फिल्म सुस्तावते आणि मीटरपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. एफपी४ प्लसला मीटर ४ सेकंद सांगेल तेव्हा साडेपाच-सहा द्या, १० ला १८, ३० ला सव्वा मिनिटाच्या जवळ. स्पीडची चकती बी वर लावा (दाबून धराल तोवर शटर उघडं राहतं) आणि केबल रिलीजने धरा. लाटेचा आकार ठेवायचा असेल तर १/८ ते १/२ पुरे. काही सेकंद दिलेत की काळ्या खडकावर पांढरा फेस साठून धुकं होतं. वाळूत ट्रायपॉडचे पाय दाबून बसवा, नाहीतर ते एक्सपोजर चालू असतानाच खचतात. पावसाळ्यात मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर किंवा कोकणात कातळाच्या टोकावर उतरू नका. भरतीची वेळ बघूनच समुद्राकडे जा.

## ८. रोल धुणं

लॅबला रोल देताना "कृष्णधवल आहे, लिहिलेल्या स्पीडलाच धुवा" असं स्पष्ट सांगा. हा रोल चुकून रंगीत फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेत गेला तर त्यातली सगळी चांदी निघून जाते आणि हातात कोरी पट्टी येते. इलफर्ड एक्सपी२ सारखी मोजकीच कृष्णधवल फिल्म त्या प्रक्रियेसाठी बनवलेली असते.

घरी धुणार असाल तर डेव्हलपरसोबतच्या तक्त्यातला वेळ बहुतेक २० अंश सेल्सिअससाठी असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणी त्याहून खूप गरम असतं. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमान उतरवा आणि थर्मामीटर वापरा. दोन्ही रोल एकाच तापमानाला, एकाच वेळेत धुवा.

## ९. निगेटिव्ह वाचणं

लॅबने पाठवलेल्या लहान स्कॅनवर निकाल लावू नका. लहान आकारात सगळंच स्पष्ट दिसतं आणि काही स्कॅनर स्वतःहून धार वाढवतात. निगेटिव्ह उजेडाच्या पाटीवर ठेवा आणि ५० एमएमची लेन्स काढून उलटी धरा. पाचपट मोठं दिसेल.

वही शेजारी उघडी ठेवून प्रत्येक धूसर फ्रेमचं कारण शोधा. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं असेल तर कॅमेरा हलला. फक्त माणूस ओढलेला आणि भिंत स्पष्ट असेल तर माणूस हलला. माणूस मऊ आहे पण त्याच्या पुढची किंवा मागची एखादी गोष्ट टोकदार आहे, तर फोकस चुकला. एफ/२२ च्या फ्रेममध्ये सगळं सारखंच किंचित मऊ असेल तर ते बारीक अ‍ॅपर्चरमुळे, तिथे पुढच्या वेळी एफ/१६ वर थांबा. ही चार कारणं वेगळी ओळखता आली की दुरुस्तीही वेगवेगळी करता येते. नाहीतर फोकस चुकल्यावर माणूस स्पीड वाढवत बसतो.

वहीत प्रत्येक फ्रेमसमोर कारण लिहा आणि ज्या पायरीवर सगळ्यात जास्त फ्रेम गेल्या ती अधोरेखित करा. तिसरा रोल त्याच सावलीत, त्या एकाच पायरीवर काढा.